नकाशात आपलं घर कुठं आहे?

(नागरिक प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी वकील नाही, इंजिनिअर नाही, नगररचनेचा तज्ज्ञही नाही. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित आणि भूगोल शिकवला. नकाशावाचनाचा धडा मी दर वर्षी शिकवायचो. रंग कसे ओळखायचे, खुणा कशा वाचायच्या, प्रमाण कसं लावायचं. आणि माझं स्वतःचं घर ज्या नकाशात होतं, तो नकाशा मी वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. तोवर उशीर झाला होता. आज मी जे बोलणार आहे ते त्या उशिराबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणावर ती वेळ येऊ नये, एवढाच हेतू.

१९९४ साली अब्बांनी दीड गुंठा जागा घेतली. कृष्णाकाठच्या एका शहरात, हद्दीच्या टोकाला. अब्बा शिलाईकाम करायचे. आयुष्यभराची शिल्लक आणि अम्मीच्या दोन बांगड्या त्यात गेल्या. शेत एका शेतकऱ्याचं होतं, विकणारा एजंट होता. चुन्याची फक्की मारून प्लॉट पाडलेले, हातानं काढलेल्या लेआउटची झेरॉक्स आणि स्टॅम्पपेपरवर नोटरी. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच. एजंट म्हणाला, "एन.ए. होणारच आहे, काळजी करू नका." तो कागद वाचायला अब्बांनी माझ्याकडं दिला. घरात शिकलेला मीच होतो. मी वाचला, स्पेलिंगच्या चुका काढल्या आणि म्हणालो, "ठीक आहे."

आपण अशा जागी का जातो, हेही आधी सांगितलं पाहिजे. हौसेनं कुणी जात नाही. शहरात भाड्यानं घर बघायला गेलं की नाव विचारतात आणि नाव सांगितलं की घर दुसऱ्याला दिलेलं असतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात या अनुभवाची नोंद आहे. असुरक्षिततेपोटी मुस्लिम एकाच वस्तीत गोळा होतात आणि त्या वस्त्यांकडं नागरी सोयी देणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं, असं त्यात म्हटलंय. मोहल्ला भरला की माणूस हद्दीकडं सरकतो. तिथं जमीन स्वस्त असते, कारण तिच्या कागदात काहीतरी राहिलेलं असतं. हा अन्याय खरा आहे. पण अन्याय झाला म्हणून आपण कागद वाचायचा नाही, असं त्यातून निघत नाही.

दोन वेगळे प्रश्न

जमीन घेताना आपण एकच प्रश्न विचारतो: जमीन कुणाची? त्यासाठी सातबारा बघतो, फेरफार बघतो, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक बघतो. हे बरोबर आहे. पण दुसरा प्रश्न आपण विचारतच नाही: जमीन कशासाठी? म्हणजे त्या जागेवर कायद्यानं काय करता येतं? घर बांधता येतं, की शेतीच करायची, की तिथून उद्या रस्ता जाणार आहे?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सातबाऱ्यावर मिळत नाही. ते विकास आराखड्यात असतं. सातबारा महसूल खात्याचा, आराखडा नगररचनेचा. एका कागदावर तुम्ही शंभर टक्के मालक असाल आणि दुसऱ्या कागदावर त्याच जागेवर बालोद्यान असेल. दोन्ही कागद खरेच असतात.

'एन.ए.' या शब्दानंही बरीच फसगत होते. अकृषिक म्हणजे शेतीखेरीज दुसऱ्या वापराला महसूल कायद्यानं दिलेली मोकळीक. पण एन.ए. आहे म्हणून घर बांधायला परवानगी आहे, असं नाही. बांधकाम परवानगी वेगळी, मंजूर लेआउट वेगळा आणि आराखड्यातला विभाग वेगळा. या तिन्हींची विचारणा वेगवेगळी करायची.

आराखडा म्हणजे काय

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा आपल्याकडचा मुख्य कायदा. त्याखाली प्रत्येक महापालिकेनं आणि नगरपालिकेनं आपल्या हद्दीचा विकास आराखडा करायचा असतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी त्याची सुधारणा करायची असते. वीस वर्षं म्हणजे एक पिढी. आज जन्मलेलं मूल कॉलेजात जाईपर्यंत त्याच्या वस्तीत शाळा कुठं, दवाखाना कुठं, मैदान कुठं, हे त्या कागदावर ठरतं.

बहुतेक नकाशांत निवासी विभाग पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा आणि शेती किंवा हरित विभाग हिरवा असतो. नकाशासोबत सूची दिलेली असते, ती आधी बघायची. आपली जागा पिवळ्यात आहे म्हणजे राहण्यासाठी घर बांधता येण्यासारखी आहे. हिरव्यात असेल तर तिथं प्लॉट पाडून वस्ती करायला परवानगी मिळत नाही. एजंटनं कितीही लेआउट दाखवू दे.

पण पिवळा रंग बघून थांबायचं नाही. पिवळ्यातही तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, आरक्षण. जागेवर क्रमांक टाकलेला असतो आणि सूचीत त्यापुढं लिहिलेलं असतं: प्राथमिक शाळा, खेळाचं मैदान, बाग, भाजी मंडई, दवाखाना, दफनभूमी. ती जागा खासगी असली तरी पालिकेनं सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली आहे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या कामाला तिथं परवानगी मिळत नाही.

दुसरी, रस्ता. आराखड्यातला नवा रस्ता जागेतून जातो का, किंवा असलेला रस्ता रुंद होणार आहे का? जुन्या पेठेत आराखड्याशिवायही महापालिका रस्त्याची नियमित रेषा ठरवू शकते. महापालिका अधिनियमाचं कलम २१० त्यासाठी आहे. घर पिवळ्यात असतं, पण ओटा, जिना आणि पुढची खोली रेषेत जाते.

तिसरी, पूररेषा. आमच्या कृष्णाकाठाला हे २००५ ला कळलं, २०१९ ला पुन्हा कळलं. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते. त्यातली मुख्य अट अशी की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर असावं. या रेषा जलसंपदा खातं आखतं. स्वस्त प्लॉट नदीकडं का असतात, याचं उत्तर इथं मिळतं.

या तिन्ही गोष्टी कळायला दोन कागद पुरतात. नगररचना विभागात सातबारा, मोजणी नकाशा आणि अर्ज देऊन फी भरायची आणि झोन दाखला व भाग नकाशा मागायचा. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर बरोबर लिहायचा. मिळालेल्या कागदावर सही-शिक्का आहे का, तारीख कोणती आहे, हे बघायचं. एजंटनं दाखवलेला जुना दाखला चालवायचा नाही, आपण स्वतः नवा काढायचा. माझ्या अब्बांनी प्लॉटला जे मोजलं त्याच्या तुलनेत ही फी म्हणजे चहापाण्याचा खर्च.

तीस दिवस

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्या वस्तीत एक्केचाळीस घरं झाली. आधी पत्र्याची, मग विटांची, मग स्लॅबची. लाइट आली, नळ आला, घरपट्टी सुरू झाली. आम्हाला वाटलं, आता सगळं कायदेशीर झालं. २०१४ साली एका शेजाऱ्यानं मुलीच्या लग्नासाठी घरावर कर्ज काढायचं ठरवलं. बँकेनं झोन दाखला मागितला. तो माझ्याकडं आला, "सर, चला जरा." आम्ही दोघं नगररचना विभागात गेलो. नकाशावर आमच्या एक्केचाळीस घरांच्या जागी एक चौकोन होता. आत क्रमांक आणि सूचीत शब्द: प्राथमिक शाळा व खेळाचे मैदान.

मी नकाशा पुन्हा पुन्हा बघितला. ओढा बरोबर होता, विहीर बरोबर होती, कडेचा रस्ता बरोबर होता. घरं मात्र नव्हती.

मग मी मागं मागं जात राहिलो. आराखडा करायच्या आधी सगळ्या हद्दीची पाहणी होते आणि 'विद्यमान जमीन वापर नकाशा' तयार होतो. आज कुठं काय आहे, याचा नकाशा. त्या पाहणीसाठी पोरं टेप घेऊन आमच्याकडं आली होती. आमच्या लोकांना वाटलं, पाडायला आले. कुणी नाव सांगितलं नाही, कुणी दार उघडलं नाही, दोघातिघांनी हुसकावून लावलं. पोरांनी काय लिहिलं असेल? मोकळी जागा. आणि मोकळी जागा दिसली की नियोजन करणारा माणूस तिथं शाळा आणि मैदान टाकणार, यात त्याची चूक ती काय?

पाहणीनंतर आराखड्याचं प्रारूप तयार होतं. कलम २६ खाली ते प्रसिद्ध करावं लागतं, राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत नोटीस द्यावी लागते, आणि कुणाही नागरिकाला हरकत किंवा सूचना देता येते. मुदत नोटिशीत लिहिलेली असते, साधारणपणे तीस दिवस. त्यानंतर कलम २८ खाली नियोजन समिती बसते. त्यात स्थायी समितीचे सदस्य आणि शासनानं नेमलेले जाणकार असतात. ज्यानं लेखी हरकत दिली त्याला ती समिती बोलावते आणि त्याचं म्हणणं ऐकते. ज्यानं दिली नाही त्याला बोलावत नाही.

त्या तीस दिवसांत मी त्या इमारतीत दोनदा गेलो होतो. घरपट्टी भरायला आणि अम्मीचा एक दाखला काढायला. नकाशा पहिल्या मजल्यावर लावलेला होता. मी तळमजल्यावर रांगेत उभा होतो.

नंतर मी हरकतींची यादी मिळवून वाचली. आमच्यापासून चार शेतं पलीकडच्या एका सोसायटीनं हरकत दिली होती. त्यांच्या प्लॉटमधून रस्ता जात होता. त्यांनी नकाशा जोडला, फोटो जोडले, सुनावणीला दोन माणसं गेली, आणि रस्ता सरकला. मी आधी रागावलो, की बघा, त्यांचं ऐकतात. मग लक्षात आलं, आमचं ऐकलं नाही असं म्हणायला आम्ही काही बोललोच नव्हतो.

हरकतींनी काही होत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला मुंबईचं उदाहरण द्या. २०१५ च्या फेब्रुवारीत बृहन्मुंबईच्या नव्या आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं. हजारो हरकती आल्या, वस्त्या, चर्च, वारसा वास्तू, रस्ते यांच्या चुका लोकांनी दाखवून दिल्या, आणि एप्रिलमध्ये शासनानं ते प्रारूपच बाजूला ठेवायला लावलं. २०१६ मध्ये ते नव्यानं आलं, २०१८ मध्ये मंजूर झालं. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. प्रत्येक हरकत मान्य होत नाही. पण कागदावर असलेली रेघ प्रारूप असताना खोडता येते. मंजूर झाल्यावर ती खोडायला कलम ३७ खालचा फेरबदल लागतो. त्यासाठी पालिकेचा ठराव, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावणी, मग शासनाची मंजुरी, असा वर्षानुवर्षांचा रस्ता आहे. आम्ही आज त्या रस्त्यावर आहोत.

कुणी म्हणेल, आरक्षण दहा वर्षांत ताब्यात घेतलं नाही तर रद्द होतं ना? कलम १२७ तसं सांगतं, पण आपोआप नाही. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाल्यावर नोटीस द्यावी लागते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. त्या नोटिशीला मालकीचे किंवा हितसंबंधाचे कागद जोडावे लागतात. आमच्याकडं होती नोटरी. सातबाऱ्यावर नाव अजून त्या शेतकऱ्याच्या वारसांचं. म्हणजे आमच्या घरांखालच्या जमिनीसाठी नोटीस द्यायला जे बिनतक्रार पात्र होते, ते आम्ही नव्हतो. नोटरी म्हणजे खरेदीखत नाही, हे मला तेव्हा खरं समजलं.

घर आपलं, वापरही नियमातच

थोडं घराच्या आतल्या नियमांबद्दल. मुंबई आणि काही खास क्षेत्रं सोडली तर डिसेंबर २०२० पासून राज्यभर एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. त्यातले तीन शब्द लक्षात ठेवा.

एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. समजा निर्देशांक एक आहे, तर सगळे मजले मिळून १०८९ चौरस फूट बांधता येतं. खाली सहाशे बांधलं तर वर ४८९. किती निर्देशांक मिळतो ते विभाग, रस्त्याची रुंदी अशा गोष्टींवर ठरतं.

सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या चारी बाजूंना सोडायची मोकळी जागा. आपल्याकडं हीच आधी जाते. दोन भाऊ वेगळे झाले की बोळ गेला. पण आग लागली तर बंब त्याच बोळातून येणार असतो, उजेड आणि हवाही तिथूनच.

आणि वापर बदल. कायद्यात 'विकास' या शब्दात फक्त बांधकाम येत नाही, जागेच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. राहण्यासाठी परवानगी घेतलेल्या घरात गोदाम केलं, लग्नाचा हॉल केला, मदरसा किंवा इबादतगाह केली, तर भिंत न हलवताही परवानगी लागते. मी हे मुद्दाम स्पष्ट बोलतो. चांगल्या कामाला कागद कशाला, असं आपण म्हणतो. पण वर्गणीच्या पैशातून घेतलेली जागा ही अमानत आहे. तिचा कागद घराच्या कागदापेक्षा जास्त काटेकोर असला पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर, बागेत किंवा इतर सार्वजनिक जागेवर कुठल्याही धर्माचं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ पासून आहे. तो सगळ्यांना सारखा लागू आहे.

घरातली शिलाई, किराणा, डॉक्टरचा दवाखाना यांना निवासी विभागात मर्यादेत जागा आहे, त्याला घाबरू नका. छोट्या प्लॉटला परवानगीही आता सोपी आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडासाठी नियमावलीत साधी पद्धत दिली आहे: परवानाधारक तांत्रिक माणसाच्या सहीचा नकाशा आणि शुल्क भरून सूचना द्यायची. अट एवढीच, की जागेचा कागद आणि विभाग साफ पाहिजे. म्हणजे अडचण शेवटी तिथंच येते.

पावती म्हणजे परवानगी नव्हे

घरपट्टीची पावती, लाइटबिल, आधार कार्डावरचा पत्ता. आपण हे कागद जपून ठेवतो आणि जपलेच पाहिजेत, तुम्ही कधीपासून राहता हे त्यातून सिद्ध होतं. पण बांधकाम कायदेशीर असल्याचा तो पुरावा नाही. अनधिकृत बांधकामावरही कर लागतो. उलट महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली शास्तीसकट लागतो.

आणि हे फक्त गरिबांचं दुखणं नाही. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला सोसायटीत परवानगीपेक्षा जास्त मजले चढवले गेले. लोकांनी कर भरले, वर्षानुवर्षं राहिले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मजले नियमित करायला नकार दिला. दुसरीकडं शीळफाट्याची लकी कंपाउंड आठवा. ४ एप्रिल २०१३. काही महिन्यांत उभी केलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. वर काम चालू होतं आणि खाली कुटुंबं राहायला आली होती. परवानगी हा साहेबांचा शिक्का आहे असं वाटतं तेव्हा मी ती इमारत आठवतो. त्या शिक्क्यासाठी कुणीतरी पाया तपासायचा असतो.

आता बुलडोझरबद्दल. हा विषय आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचं घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह अंतिम आदेश आणि आदेशानंतरही पंधरा दिवसांचा अवधी द्यायचा. हा निकाल पाठ करा, मोहल्ल्यात प्रत ठेवा. पण त्यात काय नाही तेही वाचा. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी किंवा तलाव अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. आणि निकाल तुम्हाला वेळ देतो, सुनावणी देतो. परवानगी देत नाही. त्या पंधरा दिवसांत दाखवायला फाइल असेल तरच पंधरा दिवसांचा उपयोग.

मैदान कुणाचं होतं?

एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगताना मला अवघड जातं.

आम्ही आरक्षण उठवण्यासाठी धावपळ सुरू केली. गुंठेवारीचा २००१ चा कायदा होता. १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्या त्यात बसत होत्या. २०२१ च्या दुरुस्तीनं ती तारीख ३१ डिसेंबर २०२० झाली. आम्ही पहिल्या वेळी अर्जच केला नव्हता, कारण शुल्क भरायचं होतं आणि प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी सांगायचं, "थांबा, माफ करून देतो." दुसऱ्या वेळी अर्ज केले तर आरक्षण आडवं आलं. तेव्हा बैठका, निवेदनं, मोर्चा. माझ्या हातात फलक होता: आरक्षण रद्द करा.

घरी आलो तर नातू दारात क्रिकेट खेळत होता. बोळात, गटाराच्या कडेला. चेंडू गटारात गेला की काठीनं काढायचा, पुसायचा आणि पुन्हा खेळायचं. आमच्या मोहल्ल्यातली मुलं दोन किलोमीटर चालत प्राथमिक शाळेत जातात. मुलींना पाचवीनंतर पाठवताना आया घाबरतात. आणि मी ज्या कागदाविरुद्ध घोषणा देत होतो, तो कागद म्हणत होता की या वस्तीत एक शाळा आणि एक मैदान हवं.

ते आरक्षण कुणी आकसानं टाकलेलं नव्हतं. त्या भागाला शाळा हवी होती आणि आजही हवी आहे. चूक जागेची होती. ती जागा मोकळी नाही, हे सांगायची जबाबदारी आमची होती. आपण आरक्षण उठवायला जातो तेव्हा आपल्याच मुलांचं मैदान उठवत असतो, हे कुणीतरी बोललं पाहिजे.

म्हणून आम्ही मागणी बदलली. एक्केचाळीस घरांखालची जागा वगळा आणि ओढ्याच्या अलीकडं, पूररेषेच्या बाहेर जी मोकळी पडीक जागा आहे, तिथं शाळा आणि मैदान न्या. आम्ही मोजणी नकाशा जोडला. पटावरची मुलं, घरातली मुलं यांची यादी वस्तीतल्या बायकांच्या बचत गटानं घरोघरी जाऊन केली. पुरुषांना दुपारी कोण कुठं राहतं हे माहीत नसतं, बायकांना सगळं माहीत असतं. प्रस्ताव अजून मंजूर नाही. फाइल पुढं सरकली आहे, एवढंच सांगू शकतो. अब्बा मात्र गेले. जाईपर्यंत विचारत होते, "बेटा, कागज हुआ क्या?"

आता काय करायचं

तुमच्या शहराचा आराखडा कधी मंजूर झाला आणि सुधारणा कधी होणार, हे एका अर्जानं कळतं. माहितीचा अधिकार वापरा. मंजूर नकाशाची प्रत विकत घ्या, आपल्या वॉर्डाचा भाग मोठा करून मोहल्ल्याच्या ग्रंथालयात लावा. पाहणीला माणसं आली की दार उघडा, घर दाखवा, पावत्या दाखवा.

नोटीस आली की जुम्म्यानंतर मशिदीबाहेर वाचून दाखवा, बचत गटात वाचा, मंडळांतही वाचा. आपल्या गल्लीत शेजारी जे कुणी राहतात, कुठल्याही जातीधर्माचे, त्यांनाही सोबत घ्या. रस्ता एकाच घरावरून जात नाही.

हरकत प्रत्येक घरानं वेगळी द्या. तिच्यात सर्व्हे नंबर, नकाशाचा शीट नंबर, आरक्षण क्रमांक लिहा. चूक काय आणि त्याऐवजी काय हवं, हे दोन परिच्छेदांत लिहा. फोटो आणि कागदांच्या प्रती जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. सुनावणीला स्वतः जा. तिथं दोन-तीन मिनिटंच मिळतात, म्हणून घरी घड्याळ लावून बोलून बघा. आमच्या एका चाचींनी तसा सराव करून पुढं एका फेरबदलाच्या सुनावणीत जे सांगितलं ते वकिलापेक्षा नीट होतं.

आणि कायद्यात 'हरकती व सूचना' असे दोन शब्द आहेत. आपण फक्त पहिला वापरतो. सूचनाही द्या. कब्रस्तान भरत आलं असेल तर आज मागा. पुढच्या वीस वर्षांच्या नकाशात ते नसेल तर मय्यत घेऊन आपल्याला लांब जावं लागेल. मुलींची शाळा मागा, दवाखाना मागा, वाचनालय मागा. कुठं, ते नकाशावर बोट ठेवून दाखवा.

मी निवृत्त झालो, तरी महिन्यातून एका रविवारी आमच्या शाळेच्या वर्गात नकाशा मांडून बसतो. प्लॉट घ्यायचा असेल तर लोक आधी कागद घेऊन येतात. गेल्या खेपेला एक तरुण रिक्षावाला आला होता. विसार द्यायचा होता, प्लॉट हिरव्यात निघाला. तो वैतागला, म्हणाला, "सर, मग आता कुठं जायचं?" त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडं नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून पिवळ्यातले तीन सर्व्हे नंबर लिहून काढले. त्याचा विसार वाचला. तो अजून जागा शोधतोय, आणि आता आधी नकाशा बघतो.